भाऊ चाळिशीला आला, आईबाबा थकले: निवासी संस्था की आपलंच गाव?

स्वरूपा_मिरज | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. विषय घरचा आहे आणि लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा आहे. मध्यम स्वरूपाचं बौद्धिक अपंगत्व, प्रमाणपत्रावर ७५ टक्के. लहानपणापासून फिट्स यायच्या, आता गोळ्यांनी ताब्यात आहेत. आंघोळ, जेवण, कपडे स्वतःचं स्वतः करतो. दाढी बाबा करून देतात. हिशेब येत नाही, पण रोज सकाळी डेअरीतून दूध तोच आणतो. डेअरीवाले, कोपऱ्यावरचे चप्पलवाले, देवळातले गुरव या सगळ्यांना तो नावाने हाक मारतो आणि तेही त्याला मारतात. शाळा अठराव्या वर्षी सुटली. शाळेचं वय संपलं एवढंच सांगितलं गेलं; पुढे काय, ते कोणीच सांगितलं नाही. तेव्हापासून तो घरात आहे.

बाबा ७६ वर्षांचे. आईचे गुडघे गेलेत, मोतिबिंदूही झालाय. मी पुण्यात, दोन खोल्यांच्या घरात, नोकरी आणि शाळकरी मुलगी. नातेवाईक म्हणतात, "आईबाबा आहेत तोवरच चांगल्या संस्थेत घाला, म्हणजे सवय होईल." आई म्हणते, "माझे डोळे मिटेपर्यंत तो या घरातून हलायचा नाही." डोळे मिटल्यानंतरचं ती बोलूच देत नाही.

आम्ही काही निवासी संस्था पाहून आलो. एक खरोखर स्वच्छ होती, औषधं वेळेवर, डॉक्टर येऊन जाऊन. पण गेटला दिवसभर कुलूप होतं. सगळ्यांचे केस एकाच मापात कापलेले होते आणि धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून ज्याच्या हाताला जे लागेल ते तो घालत होता. भावाने माझा हात सोडला नाही.

मला दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत. कोणी घरी, आजूबाजूच्या आधारावर निभावलंय का? नेमकं कशाच्या जोरावर? संस्थेत ठेवलं असेल तर काय बघून ठेवलंत?

उमेश_डोंबिवली | रविवार, रात्री ११:०२

स्वरूपाताई, मुलीचा बाप म्हणून लिहितो. मुलगी ३१ वर्षांची आहे, काही वर्षांपासून निवासी संस्थेत आहे. संस्था म्हटलं की लोकांना तुरुंग आठवतो आणि त्याचा मला त्रास होतो.

या संस्था कोणी काढल्या ते बघा. बदलापूरची 'आधार' पालकांची. डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' अमेय पालक संघटनेचं. सरकारने काही केलं नाही, शेजाऱ्यांनी काही केलं नाही, म्हणून 'माझ्यानंतर काय' या एका प्रश्नाने रात्र रात्र जागलेल्या आईबापांनी पदरचे पैसे घालून, जागा शोधून, कर्जं काढून हे उभं केलं. त्याला 'समाजापासून तोडणं' म्हणणाऱ्यांनी आधी समाजाने काय दिलं ते सांगावं.

आमच्या सोसायटीत ती खाली उतरली की बायका आपापल्या मुलांना वर बोलवायच्या. ती दहा वर्षं टीव्हीसमोर बसून होती. संस्थेत तिला मैत्रिणी आहेत, हो, स्वतःच्या. एकीशी भांडते, दुसरीची वेणी घालते. घरी आली की दोन दिवसांत तिची बॅग भरून दाराशी ठेवते. तुम्ही पाहिलेलं कुलूप चुकीचंच आहे, पण त्या एका कुलपावरून सगळ्या संस्था मोडीत काढू नका.

शालन_७ | सोमवार, सकाळी ७:३०

माझी मुलगी १९ वर्षांची आहे. समाजात राहावं वगैरे वाचायला बरं वाटतं. मी तिला वाण्याकडेसुद्धा एकटी पाठवत नाही. मुलगा असता तर पाठवलं असतं. हे कोणीतरी लिहायलाच हवं म्हणून लिहिलं.

नीलिमा_विशेषशिक्षिका | सोमवार, दुपारी २:१०

शालनताई, तुमची भीती अगदी खरी आहे. पण चार भिंतींनी तिचं उत्तर मिळतं असं समजू नका. १९९४ साली पुणे जिल्ह्यात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंग मुलींवर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. कारण काय दिलं, तर त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. पाळीच्या वेळी पॅड कसं बदलायचं हे शिकवायला मला एकेका मुलीमागे काही महिने लागतात, चित्रं लावून, रोज तेच तेच करून. बहुतेक मुली शिकतात. पण ते शिकवायला माणूस लागतो, आणि शंभर मुलींच्या वसतिगृहात तो नसतो. मग सुरीचा विचार सुचतो. २०१० मध्ये शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या बालगृहातली उपासमार आणि अत्याचार वर्तमानपत्रांत आले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तिथे भिंती होत्याच. बाहेरून आत येऊन बघणारं कोणी नव्हतं.

हा प्रश्न आत्ताच एवढा मोठा का झालाय तेही सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा डाऊन सिंड्रोमची मुलं विशी-पंचविशीत जायची. आता हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात, औषधं मिळतात, आणि तीच मुलं साठीपर्यंत जगतात. आईबापांच्या मागे मूल उरणं ही आपल्याकडची नवी गोष्ट आहे आणि आपली व्यवस्था अजून शाळेतच अडकली आहे. सहा ते अठरा. त्यापुढची चाळीस वर्षं कोणाच्याच खात्यात नाहीत. भरीला डाऊन सिंड्रोममध्ये विस्मरणाचा आजार चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो. म्हणजे आई ऐंशीची आणि मुलगा पन्नाशीचा, दोघंही एकाच वेळी विसरायला लागलेत, अशी घरं मी पाहिली आहेत.

स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये एक साधा विचार मांडला होता, तो मला आजही सगळ्यांत उपयोगी वाटतो. या माणसांच्या दिवसाला, आठवड्याला, वर्षाला तीच लय असावी जी त्यांच्या वयाच्या इतरांना असते. सकाळी उठून कुठेतरी जायचं, संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी परत यायचं, रविवार वेगळा, दिवाळी वेगळी. तुमच्या भावाला दुधाच्या फेरीपुरती ती लय आहे, उरलेला दिवस रिकामा आहे. आणि बहुतेक निवासी संस्थांत झोपणं, खाणं, काम, करमणूक सगळं एकाच कुंपणात. त्यामुळे घर की संस्था यापेक्षा मी आधी विचारते, की तो सकाळी दहा ते पाच कुठे असतो?

अॅड_मृणाल | सोमवार, रात्री ९:४५

कायद्याची बाजू थोडक्यात लिहिते, कारण तिची गरज पडणार आहे.

भारताने अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये स्वीकारला. त्याचं १९वं कलम समाजात राहण्याच्या हक्काचं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तेच आलं: दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच प्रकारच्या निवासात राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. याच कलमात घरपोच आणि निवासी आधारसेवा, वैयक्तिक मदतनीस हेही आहे. कागदावर हक्क पूर्ण आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन 'मदतनीस द्या' म्हटलं तर कोणत्या टेबलावर जायचं ते कोणालाच सांगता येत नाही. उमेशकाकांचा राग मला म्हणूनच समजतो.

स्वरूपा, तुमच्यासाठी तातडीचं म्हणजे पालकत्व. भाऊ सज्ञान आहे. अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी ती पालक नेमते. बहीणही पालक होऊ शकते. पालक नेमला गेला की सहा महिन्यांत भावाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पालकाने हेळसांड केली तर त्याला काढताही येतं. त्याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, ती काढली नसेल तर लगेच काढा.

पालकत्व मिळालं म्हणजे त्याच्या वतीने सगळं ठरवायचा परवाना मिळाला असं मात्र नाही. २०१६ च्या कायद्यातल्या मर्यादित पालकत्वाच्या कलमात निर्णय दोघांनी मिळून, एकमेकांच्या विश्वासावर घ्यायचा असं लिहिलं आहे. २००९ मध्ये चंदीगडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक अपंग तरुणीचं म्हणणं मानलं होतं. तिच्या पोटातलं मूल तिला हवं होतं, प्रशासनाला गर्भपात हवा होता. न्यायालयाने तिची संमती महत्त्वाची मानली.

म्हणून विचारते. या धाग्यावर आत्तापर्यंत आईचं, नातेवाईकांचं, तुमचं मत आलं. भावाला काय हवंय?

स्वरूपा_मिरज | मंगळवार, सकाळी ८:२०

मृणालताई, या प्रश्नाने रात्रभर झोप लागली नाही. त्याला थेट विचारलं तर तो मला बरं वाटेल तेच उत्तर देतो. "पुण्याला येतोस?" "हो." "इथंच राहतोस?" "हो." कसं विचारायचं असतं?

नीलिमा_विशेषशिक्षिका | मंगळवार, दुपारी १:३५

हो-नाहीचे प्रश्न बंद करा. फोटो काढा. त्याची खोली, डेअरी, तुमचं पुण्याचं घर, त्या संस्थेचं जेवणघर, तिथला पलंग, एखादी कार्यशाळा. टेबलावर पसरा आणि गप्प बसा. कोणता उचलतो, कोणता पालथा घालतो, कोणत्यावर हात ठेवून बोलतो ते बघा. वेगवेगळ्या दिवशी, आई समोर नसताना आणि असतानाही. मग ज्या जागेबद्दल ओढ दिसली तिथे प्रत्यक्ष थोडे दिवस राहून बघायचं. नुसत्या सांगण्यावरून न पाहिलेली जागा कोणालाच निवडता येत नाही, तुम्हाला-मलाही.

रानवारा | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मी स्वीडनमध्ये, गोटेनबर्गला राहते, अशाच माणसांच्या एका गटनिवासात काम करते. इथलं लिहिते, तुलना म्हणून नाही, शक्य काय आहे ते कळावं म्हणून.

इथेही मोठमोठ्या संस्था होत्या, शेकडो माणसांच्या. १९९४ मध्ये एक कायदा आला, त्याने बौद्धिक अपंग माणसाला ठरावीक सेवांचा हक्क दिला: राहायला जागा, दिवसाचं काम, सोबतीला माणूस, घरच्यांना अधूनमधून विसावा. त्यानंतर १९९९ अखेर या संस्था बंद करायच्या असं कायद्यानेच ठरलं. मी काम करते ते घर एका साध्या इमारतीत आहे. पाच जण आहेत, प्रत्येकाची स्वतःची छोटी सदनिका, स्वतःचा स्वयंपाकाचा ओटा, स्वतःच्या दाराची स्वतःकडे किल्ली. मध्ये एक बैठकीची खोली आणि आम्ही कर्मचारी, रात्रीही. मी आत जाताना बेल वाजवते. कोणी 'आत्ता नको' म्हटलं तर थांबते. सकाळी सगळे कामावर जातात, कोणी बागेत, कोणी बेकरीत, कोणी लाँड्रीत. खर्च नगरपालिका करते. इथे १९८९ पासून कोणत्याही सज्ञान माणसाचे हक्क काढून घेऊन त्याला 'अज्ञान' ठरवता येत नाही.

यातलं दुखणंही सांगते. एकटेपणा. शेजारी हसून नमस्कार करतात, पण चहाला कोणी बोलावत नाही. आमच्या एका रहिवाशाच्या फोनमध्ये असलेले सगळे नंबर पगारी माणसांचे आहेत. स्वरूपा, तुझ्या भावाला डेअरीवाले नावाने हाक मारतात हे वाचून मी तिथेच थांबले. ते इथे कितीही पैसे खर्चून आणता येत नाही.

उमेश_डोंबिवली | मंगळवार, रात्री १०:३०

रानवारा, मनापासून लिहिलंत, पण पाच माणसांमागे रात्रीचा कर्मचारी इथे कोण देणार? २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धिक अपंगत्वाची नोंद सुमारे १५ लाख माणसांची आहे. तेही घरच्यांनी सांगितलं त्यांचीच. आमची संस्था पालकांच्या फीवर आणि देणग्यांवर चालते. दर महिन्याला पगाराची तारीख आली की विश्वस्तांच्या पोटात गोळा येतो. काळजीवाहक बायका टिकत नाहीत, कारण दुसरीकडे आजारी म्हाताऱ्यांकडे त्यांना जास्त पैसे मिळतात. संस्था वाईट वागते त्यातलं निम्मं इथून येतं. एका बाईने वीस जणांना आंघोळ घालायची असेल तर ती केस एकाच मापात कापणारच.

रानवारा | मंगळवार, रात्री ११:५५

काका, शेवटचं वाक्य अगदी पटलं. अमेरिकेत विलोब्रूक नावाची सरकारी संस्था होती, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर. चार हजारांसाठी बांधलेली, साठच्या दशकात तिथे सहा हजार माणसं होती. १९७२ मध्ये दूरदर्शनच्या कॅमेऱ्याने आतलं दाखवलं तेव्हा देश हादरला. काम करणाऱ्यांच्या डोक्यावर न पेलणारा भार होता. पण तिथून पुढे ते 'जास्त कर्मचारी द्या' एवढ्यावर थांबले नाहीत. १९७५ मध्ये न्यायालयात तडजोड झाली, माणसं वस्त्यांमधल्या लहान घरांत हलवायला सुरुवात झाली, आणि १९८७ मध्ये ती जागा बंद झाली. बारा वर्षं लागली. आईवडिलांनी खटला भरला होता, हे विसरू नका.

देवगडकर | बुधवार, सकाळी ६:४०

गावाबद्दल लिहितो. आमच्या वाडीत माझे चुलते होते, बाबलकाका. बोलणं मोजकं, समज लहान मुलाएवढी. हयातभर वाडीतच राहिले. कोणाच्याही पडवीत जाऊन बसायचे, "जेवलंस मा रे?" असं प्रत्येक घर विचारायचं. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला गवत पुरवायचं काम त्यांचं, आणि त्यांच्यावाचून कोणी पेटी बांधायचं नाही. शिमग्याला पालखीसोबत ते पुढे असायचे. लोक म्हणतात समाजाचा आधार, तो मी डोळ्यांनी पाहिलाय.

पण पूर्ण सांगायचं तर हेही सांगायला हवं, की त्याच वाडीत एका बाईला तिच्या घरच्यांनी मागच्या पडवीत बांधून ठेवलेलं होतं, आणि तेही सगळ्या वाडीला माहीत होतं. तिला फिट्स यायच्या, औषध कधीच मिळालं नाही. काकांचं निभावलं कारण आजी खमकी होती, घर मोठं होतं आणि ते शांत स्वभावाचे होते. तिचं यातलं काहीच नव्हतं. गावाचा आधार नशिबावर सोडला तर तो असा वाटला जातो. आता तर वाडीत म्हातारी माणसंच उरली आहेत, तरुण सगळे मुंबईला. काकांसारखा माणूस आज असता तर कोणाच्या पडवीत बसला असता?

एक गोष्ट करण्यासारखी आहे. ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो वर्षाअखेर वस्तू किंवा थोडे पैसे वाटून संपवतात. आम्ही ग्रामसभेत मागणी लावून धरली आहे की चार-पाच गावांनी मिळून एका प्रशिक्षित बाईचं मानधन यातून द्यावं. ती रोज या घरांत जाईल, औषधं बघेल, आईला दोन तास मोकळे देईल. अजून मंजूर नाही. पण पहिल्यांदाच ग्रामसभेत या घरांची नावं मोठ्याने वाचली गेली.

शालन_७ | बुधवार, सकाळी १०:०५

देवगडकर, "आईला दोन तास मोकळे" हे वाक्य मी परत परत वाचलं. एकोणीस वर्षांत कोणी हे दिलेलं नाही. मला संस्था नको आहे. मला महिन्यातून एक रात्र अशी हवी आहे की मुलगी सुरक्षित आहे आणि मी झोपले आहे. अशी रात्र संस्था का देत नाहीत? कायमचं ठेवा नाहीतर घेऊन जा, एवढेच दोन पर्याय असतात.

उमेश_डोंबिवली | बुधवार, दुपारी ४:१५

शालनताई, हा प्रश्न मी आमच्या विश्वस्तांपुढे ठेवतो. खरं सांगतो, आम्ही असा विचारच केला नव्हता. आमच्याकडे दिवाळीत निम्मी मुलं घरी जातात तेव्हा खाटा रिकाम्या असतात. आजूबाजूच्या पालकांना तेव्हा आणि एरवीही ठरावीक खाटा थोड्या दिवसांसाठी देता येतील. कार्यशाळाही बाहेरच्या मुलांना दिवसापुरती उघडता येईल. बाहेरचे पालक रोज ये-जा करू लागले तर आमच्यावर त्यांचं लक्षही राहील, ते आम्हालाच हवं आहे.

पिंपळपान | बुधवार, संध्याकाळी ७:२५

पैशाचं कोणीच बोललं नाही. मी बँकेतून निवृत्त झालो, पुतण्या असाच आहे, म्हणून थोडं. वडील सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतन अपंग अपत्याला हयातभर मिळू शकतं, पण निवृत्तिवेतनाच्या कागदांत त्याचं नाव आणि अपंगत्व आधीच नोंदवून ठेवा. मागाहून बहिणीने हेलपाटे घालण्यापेक्षा वडिलांनी आत्ता एक अर्ज देणं सोपं. आयकराच्या जुन्या करप्रणालीत अपंग अवलंबितासाठी ७५ हजारांची, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. घर थेट भावाच्या नावावर करू नका, इच्छापत्र आणि खासगी न्यास करा. विश्वस्त किमान तीन ठेवा, आणि त्यांतला एक नात्याबाहेरचा.

नीलिमा_विशेषशिक्षिका | बुधवार, रात्री ९:००

संस्था निवडताना काय बघायचं हे स्वरूपाने विचारलं होतं, ते राहून गेलं.

सकाळी अकरा वाजता कोणतीही संस्था छान दिसते. संध्याकाळी सात ते नऊमध्ये जा. जेवण कसं वाढतात, कोणी 'नको' म्हटलं तर काय होतं, रात्री किती माणसं ड्युटीवर आहेत, मुलींच्या बाजूला रात्री बाई आहे का. फिट्सची वही मागा आणि वाचा. रिकामी वही ही सगळ्यांत वाईट खूण आहे. प्रत्येकाचं स्वतःचं कपाट आहे का, आतले कपडे स्वतःचे आहेत का. घरच्यांनी न कळवता आलेलं चालतं का. शेवटचं कोण कधी बाजारात गेलं होतं, काय घेऊन आलं. २०१६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र मागायला लाजू नका. आणि मतदार यादीत रहिवाशांची नावं आहेत का तेही विचारा. न्यायालयाने मनोविकल घोषित केल्याशिवाय कोणाचं मत काढून घेता येत नाही, तरी या माणसांची नावं कोणी नोंदवतच नाही. ज्या संस्थेने ती नोंदवली आहेत तिथे माणसाला माणूस समजतात असं मी खुशाल धरून चालते.

मुळशी तालुक्यात कोळवणला 'साधना व्हिलेज' आहे, १९९४ पासून. तिथे प्रौढ मुलं-मुली घरासारख्या घरांत राहतात, आणि त्या संस्थेने आजूबाजूच्या गावांतही कामं काढली आहेत. ते जाऊन बघा. तिथे ठेवायचंच असं नाही. निवासी म्हटलं की काय काय असू शकतं हे डोळ्यांना कळावं म्हणून.

अॅड_मृणाल | गुरुवार, सकाळी ११:२०

एक भर. छळाची शंका आली तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदारांकडेही, कोणालाही तक्रार देता येते. ती व्यक्ती स्वतः किंवा पालकच असायला हवा असं नाही. देवगडकर, तुमच्या वाडीतल्यासारखं कोणी आज बांधलेलं असेल तर शेजारीसुद्धा हे करू शकतो. घर असो, संस्था असो, कायदा दोन्हींना सारखाच आहे.

स्वरूपा_मिरज | रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. आठवडाभर मिरजेत होते, काय झालं ते लिहिते.

फोटो पसरले. संस्थेच्या पलंगाचा फोटो त्याने उचलून माझ्याकडे परत दिला, "हे त्यांचं" म्हणाला. पुण्याच्या घराचा ठेवून घेतला पण माझ्या मुलीवर बोट ठेवून, घरावर नाही. नीलिमाताईंनी सुचवलं म्हणून इथल्या एका दिवस-कार्यशाळेचेही फोटो आणले होते. तिथे मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या होतात. पिशव्यांचा फोटो तो खिशात घालून फिरला. आई समोर असताना पुन्हा केलं, तेव्हाही तोच.

त्याला डेअरी, देऊळ, चप्पलवाले आणि कामाची एक जागा हवी आहे, एवढं मला कळलं. मला हवं होतं ते रात्रीचं उत्तर त्यात नाही. पण दहा ते पाचचं आहे, आणि ते त्याने दिलेलं आहे. पुढच्या सोमवारपासून तो कार्यशाळेत जाईल. रिक्षावाले काका डेअरीच्या दारातून घेतील. म्हणजे दूध घरी देऊन तो पुन्हा तिथे येईल, हे त्याचंच ठरलं.

आईशी बोलले. 'माझ्यानंतर' हा शब्द न काढता, 'तू आजारी पडलीस तर' असा विषय काढला. मोतिबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवसांत भावाला दुसरीकडे न हलवता घरीच रात्रीला माणूस ठेवायचा आणि आई चार दिवस माझ्याकडे पुण्यात, असं तिने कबूल केलं. भावाला तिच्याविना घरात राहून बघू दे आणि तिलाही त्याच्याविना. बाबांनी निवृत्तिवेतनाचे कागद काढले आहेत. पालकत्वाच्या अर्जात माझ्याबरोबर मावसभावाचंही नाव घालता येतं का ते मृणालताईंना विचारायचं आहे, तो मिरजेतच राहतो.

आणि एक. कार्यशाळेत आणखी काही पालक भेटले. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांचा प्रश्न तोच. चौघांच्या मुलांना एकत्र एखादी तळमजल्याची जागा याच भागात भाड्याने घेऊन, रात्रीचा माणूस वाटून घेता येईल का, असं मी बोलून बघितलं. एक आजोबा म्हणाले, "आम्ही असतानाच सुरू करा, म्हणजे चुकलं तर आम्हाला दुरुस्त करता येईल." कोणी असं केलं असेल तर सोसायटीशी करार, पोलीस पडताळणी, फिट आली तर रात्री डॉक्टर, या तीन गोष्टींबद्दल लिहा.

अॅड_मृणाल | रविवार, रात्री १०:१०

कागदपत्रांची यादी व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) पाठवली आहे. मावसभावाचं काय होईल ते समितीच्या कार्यालयात विचारून सांगते. तोवर त्याचं संमतीपत्र तयार ठेवा.

कुपवाडची_मीना | रविवार, रात्री ११:४०

स्वरूपाताई, मी कुपवाडची. मुलगा २६ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. तळमजल्याच्या जागेत पाचवा चालेल का? व्यनि बघा.